रात्री दोनचा फोन आणि तीनशे रुपये: आशांच्या थांबण्याचे तास कोण मोजतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी, मारेगाव, केळापूर किंवा घाटंजी तालुक्यातल्या एखाद्या पोडावर रात्री बाईला कळा सुरू झाल्या, की घरचे पहिला फोन गावातल्या आशाताईला करतात. तिथून पुढे १०८ ला कळवणं, बाईची कागदपत्रं घेणं, सोबत गाडीत बसणं, दवाखान्यात थांबणं हे सगळं आलंच. प्राथमिक आरोग्य केंद्रातून 'पुढे न्या' असं सांगितलं, तर पांढरकवड्याचं उपजिल्हा रुग्णालय किंवा थेट यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. पांढरकवडा ते यवतमाळ हेच अंतर सुमारे सत्तर किलोमीटर आहे.

या कामाला ठरलेली वेळ नाही. फोन कधी येईल हे माहीत नसतं, आला तर किती तास जातील हेही माहीत नसतं. बोलावणं आलं की निघायचं आणि येत नाही तोवर तयार राहायचं, अशा कामाला जगभर 'ऑन-कॉल' काम म्हणतात. अशा कामाचा योग्य मोबदला कसा ठरवायचा आणि कामाच्या वेळांची आगाऊ कल्पना कशी द्यायची, यावर अनेक देशांत कायदे झाले आहेत, न्यायालयीन निकाल आले आहेत. आपल्याकडे ही चर्चा बहुतेक वेळा मानधनाच्या आकड्यावर येऊन थांबते. प्रश्न आकड्याचा आहेच, पण तेवढाच नाही.

आशा ही नोकरी आहे की सेवा?

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यातून 'आशा' हे पद आलं. साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा, आदिवासी भागात वस्तीनुसार, असा निकष ठरला. ती त्याच गावची रहिवासी हवी, शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित आणि २५ ते ४५ वयोगटातली. सरकारी कागदावर तिचं नाव 'स्वयंसेविका' असं आहे.

हा शब्द नुसता मान देण्यासाठी नाही, त्यावर पुढचा सगळा हिशेब उभा आहे. सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आशाला पगार मिळणार नव्हता. केलेल्या ठरावीक कामाचा मोबदला मिळणार होता, आणि तिच्या नेहमीच्या रोजीरोटीला धक्का लागणार नाही अशा बेताने काम दिलं जाणार होतं. म्हणजे शेतमजुरी सांभाळून दिवसातले दोन-तीन तास गावासाठी द्यायचे, अशी ती कल्पना होती.

प्रत्यक्षात कामाची यादी वाढत गेली. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, नवजात बाळाच्या घरी भेटी, क्षयरुग्णांना औषधं, कुष्ठरोग शोधमोहीम, साथीच्या काळात घरोघरी सर्वेक्षण, महिन्याची बैठक, नोंदवह्या आणि आता मोबाइलवरच्या नोंदी. कोविडच्या काळात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत दारोदार फिरणाऱ्यांत आशा पुढे होत्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार देऊन गौरव केला. स्वयंसेविका हे नाव मात्र तसंच राहिलं.

मोबदला नेमका कशाचा मिळतो?

आशांच्या उत्पन्नाचे ढोबळ दोन भाग आहेत. एक दरमहा मिळणारी रक्कम, दुसरा कामागणिक मिळणारा मोबदला. कामागणिक मोबदल्याची ही काही उदाहरणं:

• जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात एका प्रसूतीमागे ६०० रुपये. त्यातले ३०० गरोदरपणातल्या तपासण्यांसाठी आणि ३०० दवाखान्यात प्रसूती घडवून आणण्यासाठी.

• नवजात बाळाच्या घरी भेटी: दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. सगळ्या मिळून २५० रुपये.

• बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की १०० रुपये.

या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही हे पाहायला हवं. दर प्रसूतीचा आहे, भेटींचा आहे, लसीकरण पूर्ण झाल्याचा आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात काढलेल्या रात्रीचा, गाडीची वाट पाहण्याचा किंवा पुढच्या रुग्णालयात नेण्यात गेलेल्या तासांचा वेगळा दर नाही.

साधा हिशेब करून पाहू. पहिलटकरणीच्या कळांना बारा-पंधरा तास लागणं ही डॉक्टरांच्या दृष्टीने नेहमीची गोष्ट आहे. रात्री दोनला निघालेली आशा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला घरी परतली, तर पंधरा तास झाले. प्रसूतीचे ३०० रुपये पंधरा तासांत वाटले, तर तासाला २० रुपये पडतात. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. दरमहा मिळणारी रक्कम वेगळी असते हे खरं, पण त्या पंधरा तासांसाठी म्हणून जे मिळतं ते रोहयोच्या निम्म्यावर येतं.

केलेलं काम हिशेबातून कसं सुटतं?

कामागणिक मोबदल्याची दुसरी अडचण अटींमध्ये आहे. महाराष्ट्रात जननी सुरक्षा योजना दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांसाठी आहे, आणि प्रसूतीमागचा हा मोबदला त्या योजनेशी जोडलेला आहे. रात्री फोन आला तेव्हा समोरचं घर योजनेत बसतं की नाही हे पाहून आशा निघत नाही. मोबदल्याच्या अर्जावर मात्र ते पाहिलं जातं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सासरच्या गावची आशा सात-आठ महिने पाठपुरावा करते आणि शेवटच्या महिन्यात बाई माहेरी जाते. ६०० रुपयांचे दोन हिस्से केल्याने सासरच्या आशाला तपासण्यांचा भाग तरी मिळू शकतो. त्याआधी तोही धोक्यात असे.

सगळ्यांत टोचणारी अट नवजात बाळाच्या भेटींची आहे. ही पद्धत मूळची विदर्भातलीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या प्रशिक्षित स्त्रियांकडून घरीच नवजात बाळाची काळजी घेता येते आणि त्याने बालमृत्यू कमी होतात, हे दाखवून दिलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि २०११ मध्ये देशाने ही पद्धत स्वीकारली. त्या वेळच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत २५० रुपये मिळण्यासाठी बाळाच्या वजनाची आणि जन्माची नोंद, सुरुवातीच्या लसी आणि आई व बाळ दोघंही ४२ व्या दिवसापर्यंत सुखरूप असणं, या अटी घातल्या होत्या. कमी वजनाच्या बाळाकडे आशाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, आणि मोबदला बुडण्याचा धोकाही तिथेच जास्त. निकालावर पैसे ठरवले की सगळ्यांत अवघड काम सगळ्यांत बेभरवशाचं होतं.

न बोलावलेल्या दिवसाची किंमत काय?

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते. वेचणी मुख्यतः बायका करतात आणि मजुरी किलोवर मिळते. दिवसभर शेतात राहिलं तरच हातात काही पडतं. दुपारी बैठकीचा निरोप आला किंवा सर्वेक्षणाचा आदेश आला, तर अर्धा दिवस गेला. त्यामुळे मजुरी सांगायला आलेल्या माणसाला 'येते' असं ठामपणे सांगणं आशाला अवघड जातं. फोन आला नाही तरी त्या दिवसाची किंमत तिने मोजलेली असते.

इथे दोन प्रकारची अनिश्चितता वेगळी करायला हवी. कळा कधी सुरू होतील हे कोणी ठरवू शकत नाही. ती अनिश्चितता निसर्गाची आहे. बैठक कधी, प्रशिक्षण कधी, सर्वेक्षण कोणत्या आठवड्यात, मोबदला कोणत्या तारखेला खात्यात येणार, ही अनिश्चितता कार्यालयाने तयार केलेली असते आणि कार्यालयच ती संपवू शकतं. पहिलीचा मोबदला द्यायचा आणि दुसरी काढून टाकायची, हा योग्य वेतन आणि नियोजित वेळापत्रक या मागणीचा खरा अर्थ आहे.

इतर देशांनी काय केलं?

बेल्जियममधल्या निव्हेल शहरातल्या एका अग्निशामकाचा खटला इथे उपयोगी पडतो. तोही कागदोपत्री 'स्वयंसेवक' होता. त्याच्या पाळीच्या काळात तो घरीच असे, पण बोलावणं आलं की आठ मिनिटांत केंद्रावर पोहोचण्याचं बंधन होतं. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. स्थानिक कायदा त्याला स्वयंसेवक म्हणत असला, तरी कामाच्या तासांच्या नियमांपुरता तो कामगारच आहे. आणि इतक्या कडक बंधनात घरी घालवलेला वेळ हा कामाचा वेळ आहे. त्या वेळेचा दर किती असावा हे न्यायालयाने देशांतर्गत कायद्यावर सोडलं. पण वाट पाहणंही काम असू शकतं, हे तत्त्व मान्य झालं.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून फास्ट फूड दुकानांना कर्मचाऱ्यांचं वेळापत्रक १४ दिवस आधी द्यावं लागतं. ऐनवेळी बदल केला तर जास्तीचे पैसे द्यावे लागतात. तिथल्या किरकोळ विक्रीच्या दुकानांना 'फोन आला तर या' अशी पाळी लावायला मनाई आहे. आयर्लंडने २०१९ पासून शून्य तासांचे करार बहुतेक ठिकाणी बंद केले.

आपल्या कायद्यात असं काहीच नाही का?

आहे, आणि जुनंच आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १५ मध्ये एक साधा नियम होता. किमान वेतन दिवसावर ठरलेल्या कामगाराला मालकाने पूर्ण दिवसाचं काम दिलं नाही, तरी पूर्ण दिवसाचं वेतन द्यायचं. कामगाराने स्वतः काम नाकारलं असेल तर गोष्ट वेगळी. हीच तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आली. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. महिन्याचं वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचं, हेही त्यात आहे.

महाराष्ट्राची रोजगार हमी याच विचारावर उभी राहिली. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानेही काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता आणि मजुरी उशिरा दिली तर भरपाई, असं बंधन घातलं. अंमलबजावणीच्या तक्रारी भरपूर झाल्या, तरी अनिश्चिततेचा बोजा मजुरावर नव्हे तर काम देणाऱ्यावर, हे सूत्र त्यात स्पष्ट होतं.

होमगार्डचं उदाहरण आशांच्या आणखी जवळचं आहे. १९४७ च्या मुंबई होमगार्ड कायद्याखालचे हे जवानही 'स्वयंसेवक'च. सण, निवडणूक, बंदोबस्त असेल तेव्हा बोलावणं येतं आणि कामाच्या दिवसांपुरता भत्ता मिळतो. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याची मागणी मान्य केली नाही. पण तीस दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका व्हावा असा दैनिक दर द्या, असं सांगितलं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये हा भत्ता ५७० वरून १,०८३ रुपये झाला. नोकरीचा दर्जा न बदलताही दर ठरवण्याचं सूत्र बदलता येतं, हे यातून दिसतं. बोलावण्याचे दिवस किती मिळतील, हा प्रश्न होमगार्डसाठी तरीही उरतोच.

मग आशांना हे का लागू होत नाही? कारण या सगळ्या कायद्यांचं दार 'कर्मचारी' किंवा 'कामगार' या व्याख्येतून उघडतं. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावं, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निकाल दिला. आशांच्या बाबतीत ते दार अजून बंद आहे.

जबाबदारीचं दार मात्र उघडं असतं. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यात पोलिओच्या लसीकरणात १२ बालकांना डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुखरूप राहिली. चूक गंभीर होती आणि चौकशी व्हायलाच हवी होती. ज्यांच्यावर निलंबनाची कारवाई जाहीर झाली, त्यांत डॉक्टरांबरोबर एक आशाही होती. पगार ठरवताना स्वयंसेविका आणि शिस्त लावताना कर्मचारी, अशी ही दुहेरी ओळख आहे.

गेल्या काही वर्षांत काय बदललं?

बरंच बदललं, आणि बहुतेक बदल संपांमधून आले. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने नियमित कामांचा मोबदला महिन्याला एक हजारावरून दोन हजार केला. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला. त्यानंतर राज्याने एक हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता दिला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा संप झाला. २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानावर ठिय्या झाला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ पासून पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. त्याच वर्षी अपघाती मृत्यूसाठी १० लाख आणि कायमच्या अपंगत्वासाठी ५ लाख रुपयांच्या मदतीचा निर्णय झाला. २०२५ मध्ये केंद्राने नियमित मोबदला ३,५०० रुपये आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर काम सोडणाऱ्यांची रक्कम २० हजारांवरून ५० हजार केल्याचं संसदेत सांगितलं.

उत्पन्नातला दरमहाचा भाग वाढला, हा मोठा फरक आहे. पण केंद्राचा नियमित मोबदलाही बैठक, नोंदवही, आरोग्य दिवस अशा कामांना जोडलेला आहे. आणि यातल्या कोणत्याही निर्णयाने थांबण्याचे तास मोजायला सुरुवात केलेली नाही.

मग करता येण्यासारखं काय आहे?

कामगार म्हणून मान्यता ही दिल्लीत सुटणारी गोष्ट आहे. तिची वाट पाहत असतानाही काही बदल जिल्हा आणि राज्य पातळीवर शक्य आहेत.

१. पैशांची तारीख ठरवणं. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मोबदला आणि सोबत कोणत्या कामाचे किती, काय नाकारलं आणि का, अशी चिठ्ठी.

२. सोबतीच्या तासांचा दर. दवाखान्यात नेल्यावर पहिल्या काही तासांनंतर प्रत्येक टप्प्याला ठरावीक रक्कम. बाई योजनेत बसो वा न बसो, प्रसूतीचा निकाल काहीही असो. येण्या-जाण्याच्या वेळांची नोंद दवाखान्याच्या वहीत करता येते.

३. ठरवता येणाऱ्या कामांचं वेळापत्रक. बैठका, प्रशिक्षणं, सर्वेक्षणं महिन्याच्या सुरुवातीला कळवावीत आणि शक्यतो वेचणीच्या दिवसांत गर्दी टाळावी. ऐनवेळी बोलावलं तर त्या दिवसाची मजुरी.

४. आळीपाळीची सुट्टी. शेजारच्या दोन गावांच्या आशांनी आठवड्यातल्या एका रात्रीची जबाबदारी एकमेकींकडे घ्यावी आणि त्या रात्रीचा मोबदला काम करणारीला मिळावा. दूरच्या पोडांवर हे अवघड आहे, म्हणून तिथे थांबण्याचा दर जास्त हवा.

या मागणीवर आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप खर्चाचा. राज्यात आशांची संख्या सत्तर हजारांच्या वर आहे, त्यामुळे शंभर रुपयांची वाढही मोठी रक्कम होते. दुसरा आक्षेप असा की कामागणिक मोबदल्यामुळेच लसीकरण आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. सरसकट पगार दिला तर काम ढिलं पडेल. त्यात तथ्याचा भाग आहे. पण तासांचा दर हा कामागणिक मोबदल्याला पर्याय नाही, ती त्याला जोड आहे. तिसरी शंका काही आशांचीही असते. नोकरी झाली तर शिक्षणाची अट, वयाची अट, बदली हे सगळं येईल आणि गावातली जुनी बाई बाहेर पडेल. कामगाराचा दर्जा देताना या अटी कशा ठेवायच्या, हे म्हणूनच आधी ठरवावं लागेल.

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार आहे. त्यात साडेअठरा टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. कोलामांचे पोड डोंगर-नाल्यांच्या आड आहेत आणि पावसाळ्यात वाटा तुटतात. अशा ठिकाणी डॉक्टर चोवीस तास ठेवणं सरकारला जमलेलं नाही. चोवीस तास हजर असते ती आशा. रुग्णालयातल्या रात्रपाळीला सरकार पगार देतं. गावातली रात्रपाळी अजून त्याच्या हिशेबात आलेली नाही.